कपाटातलं बारावं चित्र

१

अकरा. पुन्हा मोजली, अकराच. तिसऱ्यांदा मुख्याध्यापिका सत्यशीला बाईंनी स्वतः मोजली आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"सुग्रीव सर, अंजूचं चित्र नाही."

मी सुग्रीव. या शाळेत सहावी-सातवीला शिकवतो. माझा स्वभाव तापट आहे हे मीच आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी सांगायला नको. त्या शुक्रवारी सकाळी मी कपाटाच्या दाराला अशी थाप मारली की वरची खडूची पेटी खाली आली.

का चिडू नये? आमचं गाव मांजरसुंब्याच्या फाट्यापासून सात किलोमीटर आत. दिवाळी झाली की निम्मं गाव ऊसतोडीला जातं, आणि आईबापांच्या मागं पोरंही जातात. यंदा चौदा पोरं अशी होती की मागं ठेवावीत तर घरी सांभाळायला कुणीच नाही. त्यांची सहा महिने शाळेतच राहण्या-खाण्याची सोय करायची असं गावानं ठरवलं. त्यासाठी बाईंनी एक युक्ती काढली. पोरांनी काढलेल्या चित्रांची दिवाळीची शुभेच्छापत्रं छापायची आणि विकायची. फाट्यावरच्या ढाबेवाल्यांनी ती गल्ल्याशेजारी ठेवायचं कबूल केलं. अंबाजोगाईच्या काही डॉक्टर मंडळींनी मोबाईलवर चित्रं पाहिली आणि एकाच चित्राची हजार कार्डं मागितली.

ते चित्र अंजूचं होतं. डोक्यावर उसाची मोळी घेऊन तिची आई अरुंद फळीवरून ट्रकमध्ये चढतेय, आणि चढता चढता सरळ आपल्याकडं बघतेय. ते चित्र पहिल्यांदा बघितलं तेव्हा तास सुरू झाल्याची घंटासुद्धा मला ऐकू आली नव्हती. बारा वर्षांच्या पोरीच्या हातात एवढं कुठून आलं असेल?

आता ते गेलं म्हणजे हजार कार्डं गेली, आणि पोरांची सोयही गेली. अंजू पाचवीत अर्धं वर्ष उसाच्या फडात होती, सहावीतही अर्धं वर्ष. आता सातवीतही तेच होणार, आणि तिसऱ्यांदा गेलेली पोरगी शाळेत परत येत नाही हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

मी अंबाजोगाईच्या छापखान्याला फोन लावला. "मोबाईलमधला फोटो मोठा केला की फुटतो," छापखानेवाला म्हणाला. "मूळ कागदच पाहिजे. उद्या दुपारपर्यंत आणा, नंतर दिवाळीआधी माझ्याकडून होणार नाही."

फोन ठेवून मी कपाटात परत डोकं घातलं, तेव्हा ते दिसलं. खालच्या फळीवर चिमूटभर लाल भुकटी सांडली होती.

"बाई, काल विजयसिंह आले होते ना? निवडणूक जिंकून, गुलालानं माखून?"

"हो, पण..."

"पण नाही नि बिण नाही. त्यांच्या पोरीचा, आरोहीचा, मोर मागणीत दुसऱ्या नंबरावर आहे. अंजूचं चित्र गेलं की मोर पहिला. चोर सापडला!"

२

विजयसिंह आमच्या गावचे मोठे जमीनदार. आदल्याच दिवशी सोसायटीची निवडणूक जिंकले होते. मी त्यांच्या ओसरीवर पोचलो तो ओरडतच.

"पोरीच्या मोरासाठी दुसऱ्याच्या लेकराचं चित्र पळवता? शोभतं का तुम्हाला?"

विजयसिंह उठून उभे राहिले. त्यांच्या कानामागं अजून गुलाल होता. ते काही बोलणार एवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला.

"गुर्जी, आधी पानी प्या. मंग भांडा."

केसरमावशी कासारीण. बांगड्यांची टोपली शेजारी ठेवून ती विजयसिंहांच्या मंडळींना बांगड्या भरत होती. साठी उलटलेली, डोळ्यांवर दोरा बांधलेला चष्मा. आमच्या शाळा समितीची ती सभासद आहे. पंचक्रोशीतल्या प्रत्येक बाईचा हात तिनं हातात घेतलाय, आणि हात हातात घेतला की माणूस कळतं असं ती म्हणते. मागच्या वर्षी शाळेची घंटा कुणी नेली ते पंचांना महिनाभर कळलं नाही. हिनं एका दुपारी सांगितलं.

मी पाणी प्यालो. विजयसिंह शांतपणे म्हणाले, "सर, काल मी आलतो ते खरं. आरोहीच मला म्हणली, पप्पा, माझा मोर भारी हाय, पर अंजूचं चित्र बघितलं की मोर बघावासाच वाटत न्हाई, तुमी बघाच. म्हणून बघायला आलतो. बघितलं, आन दोनशे कार्डं मीबी सांगून आलो. अंजूच्याच चित्राची. बाईंनी लिहून घेतलंय, इचारा."

बाईंच्या त्या "पण"मध्ये हेच होतं तर! माझा चेहरा त्या गुलालापेक्षा लाल झाला असणार.

"चुकलं माझं," मी म्हणालो. हे वाक्य मला फार जड जातं.

केसरमावशीनं शेवटची बांगडी चढवली, टोपली उचलली आणि विचारलं, "ती लाल भुकटी झाडून टाकली का हाय अजून?"

"आहे."

"मंग चला बिगी बिगी. कुनी केरसुनी फिरवायच्या आत."

३

शाळेच्या फाटकात भागवत मुकादम भेटला. ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्यावर नेणं हा त्याचा धंदा. मला तो डोळ्यांसमोर नको असतो. कालही तो शाळेत येऊन गेला होता.

"भागवत, त्या पोरीचं चित्र बघितलंस का काल?" मावशीनं विचारलं.

"बघितलं की. मला कावून इचारतीस?"

"कवा बघितलंस?"

"चार वाजता. ह्ये गुर्जी पोरांना घिऊन मैदानावर गेलते, बाई फोनवर हुत्या. किल्ली खिळ्यालाच असती. मीच कपाट उघडून बघितलं." तो जरा थांबला. "मोळी उचलताना बाईची मान जशी जाती ना, अगदी तशी काढलीया. पर मला न्हाई आवडलं. दिवाळीला असलं चित्र कुनी घरात घ्यावं?"

"मग तूच नेलंस!" मी पुढं झालो.

"गुर्जी, दम धरा," मावशीनं मला दंडाला धरून मागं ओढलं. "भागवत, असलं म्हंजी कसलं?"

"ते मला न्हाई सांगता येत. बघून धस्स झालं येवढंच. ठिवून दिलं आन निघालो." त्यानं मान खाली घातली आणि गेला.

मला त्याचा राग आला होता, पण मावशी मात्र विचारात पडली होती. कचेरीत येऊन ती कपाटासमोर उकिडवी बसली. भुकटीवर बोट टेकवून चोळलं, वास घेतला.

"गुलाल असता तर फुंकरीसरशी उडाला असता. ह्यो जड हाय. कुंकू हाय ह्ये, गुर्जी." मग फळीच्या कडेला नखानं खरवडलं. हरभऱ्याएवढा एक पिवळट गोळा निघाला. "आन ह्ये मेन."

"रंगाचे खडू मेणाचेच असतात," मी म्हणालो.

"खडूचं न्हवं. मधाच्या पोळ्याचं. आधी कपाळाला मेन लावायचं, वर कुंकू दाबायचं, म्हंजी दिसभर टिकतं. आता पोरी टिकल्या लावत्यात, तुमाला कुठलं ठाव असायचं. ते चित्र मोबाईलमधी हाय म्हनला न्हवं? दावा."

मी फोटो काढून दिला. चष्मा सरकवून तिनं तो बराच वेळ बघितला.

"ह्या बाईला काय कमी हाय?"

मी बघितलं. मोळी होती, फळी होती, कमरेला खोचलेला पदर होता. "चप्पल नाही पायात."

"वर बघा. कपाळ बघा."

आणि मग दिसलं. मी ते चित्र वीस वेळा पाहिलं असेल, बाईंनी पाहिलं, डॉक्टरांनी पाहिलं. गळ्यात मंगळसूत्र होतं, हातात बांगड्या होत्या, पण अंजूच्या आईचं कपाळ मोकळं होतं. भागवतला धस्स झालं ते याच्यामुळं, फक्त त्याला ते सांगता आलं नव्हतं.

"चोरी झालीच न्हाई, गुर्जी," केसरमावशी म्हणाली. "कुनीतरी त्या बाईला कुंकू लावाय आलतं."

४

मला आता सगळं लख्ख दिसायला लागलं होतं. शाळेत मेण आणि कुंकू लावणारी बाई एकच. सावित्रीबाई. आमच्याकडं पोरांची खिचडी शिजवायला दोघीजणी आहेत. थोरल्या सावित्रीबाई, साठीच्या आसपास, तोंडानं फटकळ. धाकट्या सुभद्राबाई, चाळिशीतल्या, गरीब गाय. सुभद्राबाईंचे मालक नऊ वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून त्यांचं कपाळ मोकळंच असतं. म्हणजे उरल्या सावित्रीबाई. सोपं गणित!

स्वयंपाकघराच्या ओट्याशी त्या तांदूळ निवडत होत्या. मी तोंड उघडायच्या आत मावशीनं डोळे वटारले. मग पुढ्यात फतकल मारून म्हणाली, "सावित्रे, दिवाळीच्या बांगड्या भरायच्या न्हाईत का?"

"भर की. पर माजी डबी कुनी चोरली त्येचा आधी तपास लाव."

"कसली डबी?"

"मेनाची! न् कुंकवाचीबी. ह्या कोनाड्यात ठिवती मी रोज. काल पाचला घरी जाताना बघती तर न्हाई. आज सकाळी हाय, पर उलटी! मेन असं उकरलंय जसं काय उंदरानं." सावित्रीबाईंचा पट्टा सुरू झाला. "चाळीस वर्सं झाली, माज्या डबीला कुनाचा हात लागला न्हाई."

"लाव बघू आता. घामानं जरा फिकं झालंय तुजं."

सावित्रीबाईंनी डबी काढली. आरसा नाही, काही नाही. करंगळीनं मेण कपाळावर असं फिरवलं की जेमतेम चकाकलं. बोटावर कुंकू घेतलं, दाबलं, गोल फिरवलं. बंद्या रुपयाएवढं ठसठशीत कुंकू, आणि पदरावर एक कण नाही. बोलणं तर मधे थांबलंसुद्धा नाही.

बांगड्या भरून झाल्या. व्हरांड्यात आल्याबरोबर मी कुजबुजलो, "नाटक करतायत. डबी चोरीला गेली म्हणे!"

"सावित्रीनं न्हाई केलं."

"मग दुसरं कोण कुंकू लावतं इथं?"

"तुमी पोरांना शिकवता न्हवं? मंग डोळं उघडं ठिवून बघत जा." मावशी खांबाला टेकून बसली. "चाळीस वर्सं रोज कुंकू लावनारा हात सांडत नसतो. कपाटात किती मेन पडलं हुतं? हरभऱ्यायेवढं. एवढं मेन कुनी घेतं व्हय? नवी नवरीबी घेत न्हाई. ज्या हातानं ह्ये केलं त्येला कुंकू लावायचं ठाव हाय, पर सवय मोडलीया. आन त्येच्याकडं सोताची डबी न्हाई."

मला कळायला अर्धं मिनिट लागलं. कळलं तेव्हा मात्र ते मला नकोसं झालं.

५

सुभद्राबाई मागच्या नळावर पातेलं घासत होत्या. मावशी त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि हात पुढं केला.

"हात दे गं, सुभद्रा."

"मला कशाला बांगड्या, मावशी?" त्या कशाबशा हसल्या.

"भराय न्हाई. बघाय मागती."

सुभद्राबाईंचा ओला हात मावशीनं आपल्या मांडीवर घेतला. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडांना लाल रेघा होत्या.

"मिरची कांडली काल," सुभद्राबाई घाईनं म्हणाल्या.

"मिरची पान्यानं जाती, बाई. मेनात बसलेलं कुंकू पान्यानं जात न्हाई."

सुभद्राबाईंनी हात ओढला नाही. नळ तसाच वाहत होता, तो मी बंद केला. मग त्या उठल्या, आत गेल्या, तांदळाच्या पत्र्याच्या पेटीखालून वर्तमानपत्राची घडी ओढून काढली आणि माझ्या पायाशी ठेवली.

घडीत अंजूचं चित्र होतं. कपाळावर कुंकू लावलेलं होतं, पण ते धड नव्हतं. मेण जास्त झालेलं, कुंकू ढासळलेलं, आणि पुसायला गेल्यामुळं लाल फराटा भुवईवरून गालापर्यंत ओघळलेला. चित्राचा सत्यानाश झाला होता. माझ्या घशाशी शिव्या आल्या होत्या.

"रागवा मला, सर," त्या म्हणाल्या. "आमी दोघं अकरा वर्सं फडात हुतो. ज्या दिवशी मालकाचा ट्रॅक्टर उलटला ना, त्या दिवशी सकाळी घाई झालती, मी कुंकू लावलं न्हवतं. तशीच मोळ्या बांधत हुती. दुपारी सांगावा आला. नऊ वर्सं झाली, माज्या मनातनं ते जात न्हाई. काल तांदळाची नोंद द्याय कचेरीत आले, तर कपाट उघडंच. वरचं चित्र बघितलं. अंजूच्या आईचं कपाळ मोकळं. हजार घरांत तशी जानार ती? म्हनलं, कुनाला दिसायच्या आत येक ठिपका लावावा. सावित्रीमावशीची डबी घेतली. तर हात समदं इसरून गेलता..."

"मग सांगायचं होतं लगेच!" मी म्हणालो, पण आवाज चढला नाही.

"काय सांगू? रांडमुंड बाईनं सवाष्णीला कुंकू लावलं म्हनून? वर सगळं बिघडून ठिवलं म्हनून? त्या पोरीला तोंड कसं दावू मी?"

नऊ वर्षं मी या बाईच्या हातची खिचडी खातोय आणि तिच्या डोक्यावर हे ओझं आहे हे मला माहीत नव्हतं. मास्तर म्हणवून घेतो मी!

"बाकी सगळं ऱ्हाऊ द्या," केसरमावशी उठली. "चित्र कुनाचं हाय? अंजूचं. तिला बोलवा."

६

अंजू आली. दोन वेण्या, एकीची रिबीन सुटलेली. सत्यशीला बाईंनी चित्र टेबलावर ठेवलं आणि त्या खिडकीकडं बघायला लागल्या, कारण त्यांना पोरीचा चेहरा बघवणार नव्हता. सुभद्राबाई दारात अंग चोरून उभ्या होत्या.

अंजूनं चित्र बघितलं. वाकून, अगदी नाक लावून बघितलं.

"बाळा," मी म्हणालो, "दुसरं काढता येईल का गं तुला उद्यापर्यंत?"

"कावून?" तिनं मान वर केली. "ह्ये आता बरोबर झालं की."

सत्यशीला बाई खिडकीपासून वळून टेबलाशी आल्या.

"आई सकाळी कुंकू लावती, पर दहा वाजेपतोर घामानं असंच वघळतंय. हितून हितपतोर." तिनं आपल्या भुवईवरून गालावर बोट ओढलं. "मला ते काढाय येतच न्हवतं. तीनदा काढलं, जखम झाल्यावानी दिसाय लागलं. आईला जखम कशी दावू? म्हनून कपाळ मोकळं सोडलं हुतं." मग ती दाराकडं वळली, सुभद्राबाईंच्या लाल बोटांकडं बघितलं. "काकू, तुमी केलं? तुमाला कसं जमलं?"

सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोठ्यानं रडल्या. मीही रडलो, लपवून काय करू. केसरमावशीनं चष्मा काढून पुसला आणि "ह्या शाळेत धूळ लई," असं काहीतरी म्हणाली.

मी पुन्हा चित्र बघितलं. पोरीचं खरं होतं. तो फराटा आता डाग वाटतच नव्हता. ऊन, घाम आणि डोक्यावरचं ओझं, सगळं त्या एका लाल ओघळात आलं होतं. आधी ते चित्र चांगलं होतं, आता ती बाई जिवंत झाली होती.

"डॉक्टरांना चालेल का पण?" बाई हळूच म्हणाल्या. त्यांनीच नवा फोटो काढून पाठवला. चार मिनिटांनी उत्तर आलं. हजाराची दीड हजार करा म्हणून.

शनिवारी सकाळच्या एसटीनं मी स्वतः अंबाजोगाईला गेलो. चित्र दोन पुठ्ठ्यांत घालून मांडीवर धरलं होतं, शेजारच्याला टेकूसुद्धा दिलं नाही. निघताना अंजू फाटकापर्यंत आली होती.

"सर, मागं नाव छापनार न्हवं माजं?"

"छापणार तर. चित्र, अंजू, इयत्ता सातवी."

"त्येच्याखाली काकूंचंबी छापा. कुंकू, सुभद्राबाई."

छापखानेवाला म्हणाला, असं कधी कुणी छापत नाही. मी म्हणालो, तुम्ही छापा, नाहीतर मी इथून हलत नाही. माझ्या तापट स्वभावाचा तेवढाच एक उपयोग झाला.

दिवाळीनंतरच्या सोमवारी भागवतचे ट्रॅक्टर वेशीत लागले. भांडी, अंथरुणं, कोंबड्या, सगळं वर चढलं. अंजूचे आईबाप चढले. अंजू खाली शाळेच्या गणवेशात उभी होती. रडत होती, पण खाली होती. तिच्या आईनं ट्रॅक्टरवरूनच हाक मारली, "सुभद्रे, पोरीला बघ गं!" आणि एकदम काय वाटलं कुणास ठाऊक, खाली उतरली. कमरेची डबी काढून सुभद्राबाईंच्या हातात दिली आणि सगळ्या गावासमोर आपलं कपाळ पुढं केलं.

"लाव. तू लावलंस तर मला काय व्हत न्हाई."

कुणाची हरकत घ्यायची टाप नव्हती, कारण केसरमावशी कमरेवर हात ठेवून शेजारीच उभी होती. सुभद्राबाईंनी मेण घेतलं, थोडंच घेतलं. या वेळी कुंकू नीट बसलं आणि एक कणही सांडला नाही. मग ट्रॅक्टर निघाले, आणि अंजू काकूंचं बोट धरून वर्गात आली.